बाजूने आलेली पाहुणी

ताईने जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला. तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून तिने चारही कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. मग ती खुर्चीत बसली आणि आता घराला आग लागली तरी उठायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

गेले तीन आठवडे ती रोज दुपारी आपलं कपडे दुरुस्तीचं दुकान अर्ध्यावर बंद करत होती आणि मधल्या भावाला घेऊन बसमधून, ट्राममधून, नदीपलीकडे जाणाऱ्या बोटीतून हिंडत होती. एकाच मार्गावर तीन-तीनदा. पहिल्या फेरीला ती त्याच्या शेजारून चालायची. इथे पायरी, इथे खांब, इथे दुकानदार फुटपाथवर फळ्या मांडतो. दुसऱ्या फेरीला ती मागे राहायची आणि तो पुढे चालायचा. तिसऱ्या फेरीला तो असा चालायचा, जणू लहानपणापासून त्या गल्लीतच वाढलाय. तोवर ताईच्या टाचा आगीसारख्या झालेल्या असायच्या. घरी येऊन ती बादलीत पाय सोडून बसायची आणि धाकटी भावजय म्हणायची, "आज कुठे तालीम होती?"

तालीम हा शब्द अप्पांचा. अप्पा आयुष्यभर नाटकगृहात सेट उभारणारे सुतार होते. तालीम झाल्याशिवाय पडदा वर जात नाही, हे त्यांनी पोरांच्या अंगी असं मुरवलं होतं की या घरातली माणसं परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात जाऊन बाकावर बसून यायची. धाकट्याच्या लग्नाआधी सगळं बिऱ्हाड हॉलवर जाऊन कोण कुठून आत येणार ते पाहून आलं होतं. "मला मागणी घालायच्या आदल्या दिवशी हे आमचा जिना एकदा चढून-उतरून गेले होते," असं धाकटी कुणालाही सांगायची. धाकटा त्याचं वाईट वाटून घेत नसे. "पाय घसरला का माझा दुसऱ्या दिवशी? नाही ना? मग झालं."

पण या वेळची तालीम हौसेची नव्हती. मधल्या भावाचे डोळे कडेने मिटत चालले होते. समोरचं त्याला स्वच्छ दिसे, लांबच्या बसचा नंबरही वाचता येई. पण बाजूचं काही दिसत नव्हतं, आणि संध्याकाळ झाली की उरलेलंही आक्रसायचं. डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात ते सांगितलं, त्याच आठवड्यात त्याने फर्निचरच्या कंपनीची व्हॅन चालवणं सोडलं. आता तो तिथेच तळघरात खोक्यांना पट्ट्या मारत असे.

हे घरच्यांना माहीत होतं. त्याच्या मुलीला माहीत नव्हतं, आणि मुलीच्या आईला तर मुळीच नाही. ती दोघं वेगळी होऊन सहा वर्षं झाली होती. पोरगी आईकडे, दूरच्या गावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दहा दिवस इकडे येई, ती एकाच बोलीवर: तिला वडिलांनी सांभाळायचं, बाहेर नेताना वडील सोबत हवेत. "वहिनीला कळलं की आंधळा होतोय, तर ही पोर पुन्हा या दारात दिसायची नाही," असं धाकट्याने सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनेही. त्या एका मानेची शिक्षा तिचे पाय भोगत होते.

म्हणून यंदा त्याची स्वतःची गाडीही बाहेर काढायची नव्हती. "विकली," असं सांगायचं ठरलं होतं. "बसने फिरण्यात खरी मजा."

पोरगी काल संध्याकाळी आली होती. पंधरा वर्षांची, गेल्या वर्षीपेक्षा वीतभर उंच. काका तिला दारातच जिराफ म्हणाला आणि ती हसली. पण नंतर रात्रभर ती गप्प होती. प्रवासाचा शीण असेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

आता रविवारची दुपार होती. टेबलाभोवती सगळे बसले होते. मधला नकाशाच्या बरोबर समोर, कोपराला चिकटपट्टी लावलेली. बाथरूमच्या दारावर आपटलो, असं त्याने घरात सांगितलं होतं. ते खोटं आहे हे फक्त ताईला माहीत होतं. मोठ्या बस स्थानकावर तो फलाटाच्या कडेवरून खाली उतरला आणि डावीकडून येणारा सायकलवाला त्याच्यावर आदळला होता. सायकलवाला उठला, दोघांनाही शिव्या घालून गेला. ताईने भावाच्या कोपरावरचं रक्त आपल्या ओढणीने पुसलं. "घरी नको बोलूस," तो म्हणाला. ती बोलली नव्हती.

"तर," धाकट्याने हात चोळले. तो विमा विकायचा. समोर टेबल आणि त्यापलीकडे माणूस दिसला की त्याचा आवाज आपोआप गोड व्हायचा. "जिराफ, तुझ्यासाठी एकापेक्षा एक सहली काढल्यात. उद्या काचेचं संग्रहालय. दारातून बस, दारात उतरवते. परवा बोट. मग ट्रामने टेकडीवरची बाग. मग घड्याळांचा कारखाना, तिथे आत सोडतात, आजोबांची ओळख आहे."

"ओळख होती," अप्पा म्हणाले. "तो माणूस वारला."

"ओळख वारत नाही, अप्पा."

पोरगी नकाशाकडे पाहत होती. तिने बोट उचललं आणि शहराच्या पार वरच्या कडेवर ठेवलं, जिथे घरं संपत होती आणि निळा डाग होता. "मला इथे जायचंय."

मधल्याने मान खाली वाकवून तिचं बोट शोधलं.

"तळं," ती म्हणाली. "बाबा सांगायचा ना मला, मी व्हॅनमध्ये पुढे बसायचे तेव्हा. संध्याकाळी तिथे पाखरं उतरतात. आभाळ काळं होतं म्हणे. एकदा दाखवीन, म्हणायचा."

"म्हणायचो," मधला म्हणाला.

"तिथे बस जात नाही," धाकटा म्हणाला.

पोरीने फोन काढला. "आधी लोकल, मग बस. जाते. परतीची पण आहे, अंधार पडल्यावर."

"पण हल्ली बंद असते. रस्त्याचं काम निघालंय."

"यात तसं लिहिलेलं नाही."

"फोनला काय कळतंय."

"डास असतात गं तिथे," धाकटीने नवऱ्याला हात दिला. "फोडून काढतात. माझी एक मैत्रीण गेली होती, तिचं तोंड भजीसारखं सुजलं."

"अंगाला लावायचं मलम आणलंय मी."

आता सगळ्यांचे डोळे अप्पांकडे गेले. अप्पांनी खाकरून घसा साफ केला. "तळ्यात काय बघायचं? पाणी. ते नळाला पण येतं."

हसू कुणालाच आलं नाही. ताई खुर्चीत मागे रेलून हे ऐकत होती. आता आपली पाळी, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलं की काहीतरी बाहेर पडेल, आणि ते पटण्यासारखंही असेल. गेल्या काही दिवसांत ती इतक्या सफाईने खोटं बोलायला शिकली होती की दुकानात गिऱ्हाइकाला 'बाही उद्या मिळेल' म्हणतानाही तिला स्वतःचा संशय यायचा. पण आज शब्दच येईनात. नुसता कंटाळा आला होता. उन्हाचा, फलाटांचा, आणि सगळ्यात जास्त या रोजच्या तालमींचा.

"आत्या, तू पण नाही म्हणणारेस?" पोरीने विचारलं.

मोठ्या माणसांच्या खोटेपणाला मुलं एकदा हसतात, एकदा रागावतात, आणि मग त्यावर विचार करू लागतात. या पोरीचा विचार करून झाला होता, हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"मी नको असेन तर तसं सांगा ना," ती शांतपणे म्हणाली. "आईला फोन करते, मंगळवारी परत जाते. एवढ्या सगळ्या बसची काय गरज?"

"अगं वेडे, नको कशी असशील?" धाकटी म्हणाली.

"मग काल काय झालं?" आता ती सरळ वडिलांकडे वळली. "मी शेवटच्या डब्यात होते, म्हणून बाजूच्या गेटने आले. तू गेटकडे बघत उभा होतास. मी येऊन तुझ्या बाजूला उभी राहिले. म्हटलं, बघू कधी ओळखतो. हसत होते मी. तू वळलास, आणि माझ्या अंगाला घासून पुढे निघून गेलास. सॉरी पण म्हणालास. असं म्हणतात रस्त्यावरच्या माणसाला."

स्टेशनची तालीम चारदा झाली होती. भावाने मोठ्या जिन्याखाली उभं राहायचं, पोरगी समोरच्या गेटमधून येईल, दोन पावलं पुढे जाऊन तिची पिशवी घ्यायची. सगळं समोरून येण्याचं बसवलं होतं. ती बाजूने येईल, हे अख्ख्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ताई तेव्हा मागे बाकावर होती. ती धावत पुढे गेली होती आणि म्हणाली होती, "बाबा तुझी गंमत करतोय गं." स्वतःच्या हजरजबाबीपणाचं तिला काल कौतुकही वाटलं होतं.

"गंमत नव्हती ती," पोरगी म्हणाली. "गंमत करतो तेव्हा बाबा आधीच हसतो. मला माहितेय."

मधल्याने टेबलाच्या कडेवरून हात फिरवत नेला, कपापर्यंत. "नाही," तो म्हणाला. "गंमत नव्हती."

"दादा," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला.

"पुरे रे आता. ती समजते मी तिला ओळखलं नाही." त्याने मान उचलली आणि मुलीला आपल्या समोर आणण्यासाठी खुर्ची थोडी फिरवली. "बाळा, तू बाजूला होतीस ना, मला दिसली नाहीस. बाजूचं दिसत नाही मला. समोर तुझं नाक दिसतंय, त्यावरचा फोड पण दिसतोय. पण तू इथे येऊन बसलीस," त्याने हात कानाशी नेला, "की तू नाहीसच. गाडी विकली नाही. मी चालवणं सोडलं."

पोरगी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने हळूच आपली खुर्ची टेबलाच्या कडेने सरकवली, वडिलांच्या बाजूला, आणि हात वर केला.

"आता?"

"नाही."

"आता?"

"अजून नाही. काय करतेयस, जीभ दाखवतेयस का?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. जीभ बाहेर असताना रडू आल्याने तो आवाज इतका विचित्र झाला की अप्पांनी दचकून पाहिलं. मधला मात्र हसला. तो आधीच हसला होता.

धाकटीने पाण्याचा पेला आणला. पोरगी प्यायली, नाक पुसलं आणि लगेच म्हणाली, "आईला मी सांगणार नाही."

"शाब्बास," धाकटा खुर्चीवर पुढे सरकला. "याला म्हणतात हुशार मुलगी. हे आपल्या घरातलं घरात. तू, मी..."

"नाही," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण तिचा आवाज चढला होता आणि तिचा आवाज कधी चढत नसे.

"आपण पाच मोठी माणसं. तीन आठवडे हे ओढताना आपली ही गत झालीय. आता ते तिच्या डोक्यावर द्यायचं? वर्षभर आईच्या समोर बसून जेवायचंय तिला."

"मी नाही सांगणार, आत्या, खरंच. मला जमतं."

"जमतं म्हणून तर नको गं."

"ताई, तू समजून घे," धाकट्याने विम्याचा आवाज काढला. "वहिनीला कळलं तर यापुढे पोर यायचीच नाही. मग दादा काय करणार? खोकी बांधत बसणार? तेवढा तरी विचार कर."

"त्यांचं म्हणणं खोटं नाही हो," धाकटी म्हणाली. पण मग तिने पोरीच्या लाल नाकाकडे पाहिलं आणि तिचा आवाज मवाळ झाला. "पण तिला असं खोटं बोलायला लावणं... आपल्याला मूल असतं तर आपण लावलं असतं का?"

धाकट्याने बायकोकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं ती त्याच्या वाक्याला वाक्य जोडत आली होती. तो मागे टेकला.

मधला उठला. टेबलाला हात लावत कपाटापर्यंत गेला, फोन घेतला. "मीच सांगतो तिला. सांगायला हवं होतं हिवाळ्यातच."

तो फोनवर बोलला ते फार थोडं. समोर बसून जसं पोरीला सांगितलं, तसंच. मग बराच वेळ नुसतं "हं," "हं," "नाही, गाडी नाही, बसनेच," असं चाललं. पोरगी नखं खात होती. अप्पा डोळे मिटून बसले होते. त्यांची जुनी सवय, प्रयोग बिघडू लागला की ते विंगेत डोळे मिटून घेत. शेवटी मधल्याने फोन पुढे केला. ताई जिथे बसली होती तिथून जरा डावीकडे. "तुला मागतेय."

सहा वर्षांत ताई आणि तिची ही जुनी भावजय एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भांडण असं झालं नव्हतं. फक्त वेगळं होताना कुणी कुणाची बाजू घेतली ते सगळ्यांना माहीत होतं.

"स्पीकरवर टाक," धाकटा कुजबुजला. ताईने फोन कानाला लावला.

"ताई," पलीकडून आवाज आला. तोच, किंचित घोगरा. "तो म्हणतो, जमतं. तो नेहमीच जमतं म्हणतो. तुम्ही सांगा. पोरगी त्याच्याबरोबर ठीक आहे का?"

ताईने भावाच्या कोपराकडे पाहिलं. त्याने ते पाहिलं, कारण ती समोर होती. आणि त्याने नजर वळवली नाही. धाकटा टेबलापलीकडून मान हलवत होता, नको, नको. हो म्हणून टाकलं असतं तर पोरगी पुढच्या उन्हाळ्यातही आली असती, त्यापुढच्याही. आणि मग एखाद्या दिवशी डावीकडून सायकलच येईल असं थोडंच होतं.

"एकदा सायकलवाला त्याच्यावर आदळला," ती म्हणाली. "स्थानकावर. तो फलाटावरून खाली उतरला, बाजूचं बघितलंच नाही. मी दोन हात मागे होते. मला पोचता आलं नाही. घरात कुणाला सांगितलं नव्हतं आम्ही."

धाकटीने तोंडावर हात नेला.

"सायकल होती म्हणून निभावलं," पलीकडून आवाज आला.

"हो. सायकल होती म्हणून." ताईने श्वास घेतला. "एकट्या पोरीला त्याच्याबरोबर पाठवू नये, असं माझं मत. तो तिला सांभाळेल, पण त्याला कुणीतरी सांभाळायला हवं, आणि ते काम तिचं नाही. तिसरं माणूस बरोबर असलं, तर तो कुठेही जाऊ शकतो. तो बाप चांगला आहे. ते काही बदललेलं नाही."

मग पलीकडून तिने विचारलं, "हे तिसरं माणूस आजवर कोण होतं?"

"मी."

"आणि दुकान?"

"दुपारी बंद ठेवते."

"बाकीचे?"

ताईने टेबलाभोवती पाहिलं. "बाकीचे घरीच असतात."

"म्हणजे तुम्ही एकट्या. अजूनही तसंच." त्यात टोमणा होता, पण तो तिच्यासाठी नव्हता हे ताईला दोन क्षणांनी कळलं. "दमलात ना हो तुम्ही?"

ताईला हो म्हणायचं होतं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढ्यात पलीकडची बाई बोलू लागली, तिच्या उत्तराची वाट न बघता, जसं दमलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"ऐका. तळ्याला जाऊ दे तिला, इतकी वर्षं ऐकतेय मी ते तळं. पण तुम्ही जायचं नाही. भावजींना पाठवा."

"त्याला?"

"त्यांनाच. बोलत बोलत का होईना, चालतील. आणि पुढच्या वर्षीचं मी आत्ता हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. त्या वेळी त्याचे डोळे कसे आहेत ते त्याने स्वतः मला कळवायचं, तिकीट काढायच्या आधी. मग ठरवू. त्यालाही तसं सांगा."

"सांगते."

"आणि तुम्ही झोपा जरा."

ताईने फोन खाली ठेवला. "उद्या तळ्याला जायचंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचं तू तिच्याशी बोलायचंस, डोळे दाखवून आलास की. तिने नाही म्हटलेलं नाही." मधल्याने मान हलवली. त्याने मुलीच्या दिशेने हात पुढे केला, थोडा चुकीच्या दिशेने, आणि तिने तो मधेच गाठला. "आणि बरोबर तू जायचंस," ताई धाकट्याला म्हणाली.

"मी? उद्या माझी दोन गिऱ्हाइकं आहेत."

"फोन करून सांग त्यांना, वारलो म्हणून," धाकटी म्हणाली.

"मला तो रस्ता माहीत नाही. एकदा तरी आधी जाऊन यायला हवं. निदान लोकल कुठे बदलायची ते..."

"काका," पोरगी म्हणाली, "मला पण माहीत नाही. बघू ना."

अप्पांनी डोळे उघडले. तालमीशिवाय? असं त्यांना म्हणायचं होतं बहुतेक; पण ते उठले, खिडकीशी गेले आणि आपली टॉर्च शोधू लागले, परतीच्या अंधारासाठी. "सेल आहेत का गं घरात?"

मधला नकाशावर वाकला. "स्टेशनच्या पुलावर मला मधे घ्या. कठडा नाही दिसत मला."

"कुणाच्या मधे?" धाकट्याने विचारलं.

"तुझ्या आणि हिच्या. आणि तू बोलत राहा, म्हणजे तू कुठे आहेस ते कळेल."

"ते सांगायला लागणार नाही," धाकटी म्हणाली.

मग आधी कुठली गाडी धरायची यावर वाद सुरू झाला. धाकट्याला लवकरची हवी होती, पोरीला उशिराची, मधला म्हणत होता की पहिली चुकलीच तर दुसरी असतेच ना. सगळे एकदम बोलत होते. सेल कुठे आहेत, असं कुणीतरी ताईला विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून पोरीने वळून पाहिलं. आत्या खुर्चीतच झोपली होती, मान एका बाजूला कलंडलेली, पायांत चपला तशाच. पोरगी खाली वाकली आणि हळूच तिच्या चपला काढू लागली. टेबलापाशी वाद चालूच राहिला, फक्त आवाज खाली आले.